सैल नावाचा फोल्डर

तुम्हाला ऐकू येत होतं. आधी एवढं कबूल करा, मग बाकीचं बोलू. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसून तुम्ही एका माणसाचा हात मागे पडताना ऐकलात. तुम्हाला तो आवडला. तुम्ही त्याला नाव देऊन बाजारात मांडलंत. आता "आम्हाला काय कल्पना" असं म्हणू नका. कल्पना नव्हती ती खालच्या मजल्यावरच्या फोल्डरबाईला.

फोल्डरबाई हे तिचं ऑफिसातलं नाव. तुमची कंपनी साथीचं सॉफ्टवेअर बनवते. घरी एकट्याने वाजवत बसलेल्या माणसाने कीबोर्डवर कॉर्ड धरायचा, की मागे ड्रम, बेस, गिटार आपोआप सुरू. मागच्या त्या साथीला म्हणायचं स्टाइल. वॉल्ट्झ, स्विंग, शफल, रॉक, बॅलड, ढीगभर. त्या ऐकायच्या, जुळ्या निघाल्या तर एक काढून टाकायची, उरलेली मूडप्रमाणे ज्या त्या फोल्डरात लावायची, हे तिचं काम. एखादी चुकीच्या घरात गेली की तक्रार ठरलेली. एका गृहस्थाने तर लिहिलं होतं, "अंगाई शोधली, बाळ उठून नाचायला लागलं."

यातल्या बहुतेक स्टाइलींवर ड्रम वाजवलेला होता तिच्या धाकट्या भावाने. लहानपणी ताट, बादली, शेजाऱ्यांचं फाटक, सापडेल ते बडवायचा, म्हणून तो ठोक्या. आणि तुम्ही कानसेन. हे नाव कुणी टिंगलीने ठेवलेलं नव्हतं. पलीकडच्या खोलीतला फ्रिज कुठल्या सुरात गुणगुणतोय हे तुम्ही भिंतीआडून सांगायचात.

ठोक्याचा डावा हात स्नेअरवर, म्हणजे मधल्या ड्रमवर, पडायचा तो तालाच्या केसभर मागे. ऐकणाऱ्याला वाटायचं, वाजवणारा आरामखुर्चीत टेकून बसलाय, जगाची घाई याच्या दारावरून जाते. तुम्ही त्या स्टाइलींचा वेगळा फोल्डर काढायला लावलात आणि नाव दिलंत, सैल. तो हातोहात खपला.

मग नवी आवृत्ती निघाली आणि फोल्डर नव्याने लावायचा हुकूम आला. जुळ्या फार झाल्या होत्या. फोल्डरबाईने या वेळी मूड बाजूला ठेवला आणि भावाच्या सगळ्या स्टाइली रेकॉर्डिंगच्या क्रमाने लावल्या, म्हणजे एकाच शफलची जुनी-नवी रूपं शेजारी येतात आणि कुठली ठेवायची ते पटकन कळतं. ती ऐकत बसली. पडद्यावर तालाच्या उभ्या रेषा आणि त्यांवर ठोक्यांचे ठिपके. उजव्या हाताचे ठिपके शाळेतल्या शहाण्या मुलांसारखे रेषेवर. डाव्याचे मागे. पुढच्या रेकॉर्डिंगला आणखी मागे. मोठ्या ठोक्यांच्या मधे तो बारीक बारीक कुजबुजते ठोके पेरायचा, ते आधी विरळ झाले, मग दिसेनासेच झाले.

तिने बॅलड लावले, तेच. वॉल्ट्झ, तेच. रॉक लावला आणि तो तिने पुन्हा पहिल्यापासून ऐकला. धावत्या रॉकमध्ये कोण टेकून बसतं? ऐटीत मागे राहणारा हात हवं तेव्हा पुढे येतो. हा हात परत येतच नव्हता.

हे सगळं तिने आधी ऐकलेलं होतं, पण सुटं सुटं. एक बॅलडमध्ये, एक स्विंगमध्ये. माणूस मूडप्रमाणे कप्प्यांत घातला की त्याची घसरण दिसत नाही.

सुट्टीच्या दिवशी ती भावाकडे जेवायला गेली. भावजयीने दारातच तक्रार मांडली. "ताई, समजवा तुमच्या भावाला. शर्टाची बटणं लावायला अर्धी सकाळ. आणि चालताना डावा हात खिशात, जहागीरदार कुठला!"

"कलाकाराचा हात आहे, जपावा लागतो," ठोक्या म्हणाला.

"जहागीरदार, टेबलावर वाजव बघू," ताई म्हणाली. "दोन्ही हातांनी, सारखं."

त्याने वाजवलं. उजवा हात दणदण. डावा त्याच्यामागून ओढल्यासारखा, मग लहान लहान होत गेला आणि टेबलाच्या कडेला थांबला. भावजय हातात वाढायचा चमचा घेऊन तशीच उभी राहिली.

"भूक लागलीय," ठोक्या म्हणाला.

"डॉक्टरकडे जाऊ."

"हात दाखवून अवलक्षण कशाला? नव्या स्टाइलींच्या पॅकचं रेकॉर्डिंग आलंय तोंडावर. साहेब म्हणाले, असा डावा हात बाजारात दुसरा नाही."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, हात सरळ करायच्या भानगडीत पडू नकोस. आहे तसा राहू दे."

ती तुमच्याकडे आली. आठवतंय ना? तिने शफल क्रमाने लावले. तुम्ही डोळे मिटलेत आणि तिने बोट दाखवायच्या आधी, नेमक्या जागी, हसलात.

"दुसऱ्या पॅकलाच मला हे जाणवलं होतं," तुम्ही म्हणालात.

"आवाजही बारीक होत गेलाय, सर."

"अरे वा, कळलं तुम्हाला! म्हणून तर दर वेळी स्नेअरचा माइक जवळ घ्यायला लावला. गेल्या खेपेला तर जवळजवळ चिकटवलाच."

"मग त्याला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर सुधारला असता ना!"

बोलून गेल्यावर तुमचं तुम्हालाच ऐकू आलं असावं. कारण लगेच म्हणालात, "हे बघा बाई, मी काही डॉक्टर नाही." आणि ती दारापर्यंत पोचल्यावर, "नव्या आवृत्तीत सैल सगळ्यात वर हवा."

डॉक्टरांनी ठोक्याला अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला लावलं, चालायला लावलं, मग विचारलं, "हे कधीपासून?"

ठोक्याने बायकोकडे बघितलं. तिने जमिनीकडे. फोल्डरबाईने फोन काढला आणि शफल लावले, जुन्यापासून नव्यापर्यंत. ऐकता ऐकता डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

कंपवात, असं त्यांनी सांगितलं.

"पण माझा हात कुठे थरथरतो?"

"सगळ्यांचा आधी थरथरतोच असं नाही. कुणाचा आधी मंदावतो."

"आधी आलो असतो तर?" भावजयीने विचारलं.

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. "आजार थांबला नसता. पण औषध, व्यायाम सुरू झाले असते. इतकी वर्षं हात ओढत काढावी लागली नसती."

बाहेर बाकावर ठोक्याने डावा हात उजव्याने उचलून मांडीवर ठेवला, जसं दुसऱ्याचं सामान सांभाळायला घ्यावं. "ताई, लोकांना जे आवडलं ते मी होतो, की हा?"

तिच्या तोंडाशी जी उत्तरं आली ती सगळी खोटी होती.

तुम्हाला कळवणं भाग होतं. तिने कळवलं. तुमचं उत्तर लगेच आलं, एरवी रजेच्या अर्जाला येत नाही इतक्या लगेच. काळजी घ्या, असं होतं. त्याखाली होतं: "औषध रेकॉर्डिंगनंतर सुरू केलं तर चालेल का?"

आणि खरं दुखणं पुढेच आहे. ठोक्याने ते वाचलं आणि गोळ्यांचं पाकीट खिशात टाकलं. "आठवडाभराचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. "हात रेषेवर आला तर मला कोण विचारणार? सरळ वाजवणारे पैशाला पासरी."

भावजयीने हात पुढे केला. "काढ."

"अगं, ऐक—"

"इतकी वर्षं सगळ्यांनी ऐकलंच आहे. पाकीट काढ."

तिने गोळी आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि समोरून हलली नाही. त्याने पेल्याला मुद्दाम डावाच हात घातला. पेला अर्ध्यावर येऊन अडला. मग उजवा मदतीला आला. गोळी पोटात गेली. त्या रेकॉर्डिंगला तो गेला नाही.

फोल्डरबाई मात्र कामावर गेली. तिने सैल हे नाव पुसलं. आतल्या स्टाइली रेकॉर्डिंगच्या क्रमाने लावल्या, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, कुणीही ओळीने ऐकाव्यात अशा. जतन करायला गेली तर सॉफ्टवेअर अडून बसलं, नावाशिवाय फोल्डर जतन होत नाही. तिने आजार लिहिलं आणि खोडलं, कारण त्यात तिच्या भावाचं वाजवणंही होतं. ठोक्या लिहिलं आणि खोडलं, कारण त्यात तुम्हीही होतात, जवळ जवळ सरकणारा तो माइक घेऊन.

जतन न झालेला तो फोल्डर तिने तुमच्या पडद्यावर उघडून ठेवलाय. नावाची चौकट रिकामी आहे. कान तुमचे, पहिलं नावही तुम्हीच ठेवलं होतंत. हात मागे पडत गेला, तुम्ही माइक पुढे घेत गेलात आणि तोंड मिटून बसलात, याला काय म्हणायचं? बोला साहेब, तुमची फोल्डरबाई विचारतेय, काय लिहू?