वेळेचा रकाना

“काढा की बाई आता! आकडा आला ना?” नवे साहेब म्हणाले.

तिने काढलं नाही. रबराचा कडकपणा मोजायचं घड्याळ तिने यंत्राखाली घालायच्या रबरी गादीवर दाबून धरलं होतं. त्याची बोथट सुई आत रुतली होती. काटा अठ्ठावन्नवर गेला आणि लगेच खाली घसरू लागला. रबराचं हे असंच. आधी ताठा दाखवतं, मग हळूहळू नरमतं. तिची सेकंदांची मोजणी पंधरावर पोचली तेव्हा काटा एकावन्नवर होता. पंचावन्नच्या खाली माल नापास. तिने एकावन्न लिहिलं.

एकतीस वर्षं ती या तपासणीच्या खोलीत हेच करत होती. कारखान्यात तिला पंधराबाई म्हणत, तेही तोंडावर. घरीसुद्धा सुटका नव्हती. ती उत्तर द्यायला जरा थांबली की नवरा मुलीला म्हणायचा, “थांब, आईचे पंधरा व्हायचेत.” ती हसून सोडून द्यायची. आज मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली होती.

“पहिल्या सेकंदाचा आकडा घ्या,” साहेब म्हणाले. “गिऱ्हाइकाच्या कागदावर थांबा म्हणून कुठं लिहिलंय?”

“साहेब, या गाद्यांवर यंत्रं बसणार. ती काय एका सेकंदात उठून जाणारेत?”

“मग गिऱ्हाइकालाच विचारा.” साहेबांनी फोनच लावून दिला.

पलीकडचा इंजिनियर भला माणूस होता. “पंधरा सेकंद? अहो ताई, आम्ही टेकवतो नि वाचतो. एवढं कोण थांबतंय!”

फोन ठेवताना तिला रडू आलं नाही, संताप आला. साहेबांचा नव्हे, स्वतःचाच. पलीकडेही कोणीतरी तेवढंच थांबत असेल, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

तिने सगळ्या गाद्या, सुई नव्या जागी टेकवून, पहिल्याच सेकंदाला वाचत पुन्हा तपासल्या. अठ्ठावन्न, एकोणसाठ, अठ्ठावन्न. सगळा माल पास. मग पट्टी घेऊन तिने कागदाच्या कडेला एक रकाना आखला, वर ‘वेळ’ लिहिलं आणि प्रत्येक आकड्यासमोर ‘एक सेकंद’.

“हे कशाला आणखी?”

“आकडा खराय, साहेब. कधी घेतला, तेही कळू दे की वाचणाऱ्याला.”

साहेबांनी वाद घातला नाही. रकान्यावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून त्यांनी पान झेरॉक्स यंत्रावर पालथं घातलं. प्रत अगदी स्वच्छ निघाली. ती त्यांनी सहीसाठी तिच्यापुढे सरकवली.

तिने पेनाला टोपण लावलं. “यावर मी नाही करणार सही.”

“मर्जी तुमची.” साहेबांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि उभ्या उभ्याच सही ठोकली.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या सहीशिवाय माल बाहेर पडला. कोणाचं काही अडलं नाही. मालाची साडेचारची गाडी बरोबर साडेचारला सुटली.