खालची ओळ

पाथरवटाने खडूने लिहिलेली ओळ ओल्या फडक्याने पुसली. सकाळपासून ही चौथी खेप. ओळ चारही वेळा तीच होती, ‘प्रभूमध्ये विसावली’. अक्षरं झकास बसत होती, अंतर मोजूनमापून सारखं होतं, आणि तरी दर वेळी त्याचा हात छिन्नीकडे जायचं सोडून फडक्याकडे जात होता.

दगडाच्या डाव्या अर्ध्या भागात त्याच्या बायकोचं नाव होतं, दोन तारखा होत्या आणि खाली वीतभर कोरी जागा. उजवा अर्धा भाग त्याच्या स्वतःच्या नावासाठी राखलेला होता. त्याची घाई नव्हती. डाव्याची होती, येत्या रविवारी तिला जाऊन वर्ष होणार होतं.

कबरीचे दगड कोरणारा हा माणूस खोटं अक्षर कोरत नाही, अशी ख्याती होती. कागदावरची चूक खोडता येते, दगडावरची चूक काढायला अख्खा दगड बोटभर घासावा लागतो, हे त्यामागचं मूळ कारण. पुढे त्याचं तत्त्व झालं. कुणी ‘कष्टाळू पिता’ लिहून आणलं की तो चष्मा कपाळावर सरकवून विचारायचा, “होते का?” एका घरची तीन मुलं त्यावर तासभर भांडली आणि शेवटी ‘मनमिळाऊ’वर तडजोड करून गेली, वडील पत्त्यांचा डाव सोडून कधी उठले नव्हते. चर्चमध्ये पाळकसाहेब भर उपासनेत सांगायचे, “सत्य एकच असतं. माणसागणिक ते बदलत नाही. खोटं वाटत असेल तर आपल्या पाथरवटाला विचारा.” त्यावर तो मान खाली घालायचा, आणि शेजारी बसलेली बायको त्याला हळूच कोपराने ढोसायची.

“भावोजी, अजून कोरंच?”

मेव्हणी दारात उभी होती. पदराने नाक झाकत ती दगडाच्या चुऱ्यातून वाट काढत आत आली.

“तुम्ही अख्ख्या गावाचे दगड लिहिता, आणि माझ्या ताईचाच तेवढा अर्धवट. लोक मला विचारतात. मी काय सांगू, पाथरवटाला शब्द सुचत नाहीत?”

“सुचतात.”

“मग घोडं कुठे अडलंय? सगळ्यांना घालता तेच घाला.”

“सगळ्यांचं मी विचारून घालतो.”

“ताईचं कुणाला विचारणार?”

“तिलाच विचारलं होतं.”

मेव्हणी स्टुलावर बसली. स्टूल चुऱ्याने पांढरंफटक होतं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. तिने तसंच राहू दिलं.

तो फडकं पिळत बसला. वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांना तर नाहीच.

“दवाखान्यात,” तो म्हणाला. “आदल्या दुपारी. मी विचारलं, तिकडे भेटू ना आपण? बाकीच्या बायका काय म्हणतात? हो म्हणतात. रडतात, पण हो म्हणतात.”

“ताई काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘असेल तर बरं होईल.’”

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, पुन्हा उचलली आणि निघून गेलं.

“एवढंच?”

“एवढंच. मग पाणी मागितलं.” त्याने फडकं झटकलं. “चाळीस वर्षं दर रविवारी माझ्या शेजारी बसली. सगळी गाणी पाठ. आणि शेवटी म्हणते, असेल तर. तिचा विश्वासच नव्हता, असं असेल तर ‘प्रभूमध्ये’ मी कुठल्या तोंडाने लिहू? आणि नसेल लिहायचं, तर...”

पुढचं त्याने छिन्नीच्या धारेवर अंगठा फिरवून पुरं केलं. चाळीस वर्षं त्याने तिला खरं बोलायला शिकवलं होतं, आणि ती चांगली विद्यार्थिनी निघाली होती. एकदा, फक्त एकदा ती खोटं बोलायला हवी होती.

मेव्हणीने स्टूल दगडाजवळ ओढलं.

“लग्नाआधी मी दोन वर्षं तुमच्याकडे होते, आठवतं?”

“पंखा रात्रभर चालू ठेवायचीस.”

“ते राहू द्या. ताई रोज तुमचं ताट वाढायची आणि झाकून ठेवायची. झाकताना एकच वाक्य म्हणायची. ‘वेळेवर आले तर बरं होईल.’”

त्याचा अंगठा थांबला.

“मी म्हणायचे, भावोजी कधी आलेत का वेळेवर? तू आपली खाऊन घे. नाही खायची. माझं सगळं आवरून व्हायचं, तरी ही आपली दाराकडे तोंड करून बसलेली.”

“मला नाही माहीत हे.”

“तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही घरात असलात की ती असं म्हणतच नसे.” मेव्हणीने साडीवरची पांढरी धूळ झटकून पाहिली. ती हटली नाही. “तुम्ही यायचात आणि दारातूनच म्हणायचात, ‘उशीर झाला.’ रोज. त्यावर ती ताटावरचं झाकण काढायची.”

तो उठला. खडूचं टोक दगडावर घासून बारीक केलं. बायकोच्या नावाखाली त्याने मोजपट्टी न लावता लिहिलं, ‘असेल तर बरं होईल’. ओळ किंचित उजवीकडे चढली.

“अहो, असलं कुणी लिहितं का? पाळकसाहेब काय म्हणतील?”

“विचारलं तर सांगेन, तिचंच आहे.”

 मेव्हणीने पदर डोळ्यांना लावला आणि धूळ तिथेही लागली.

“आणि तुमच्या बाजूला?”

त्याने उजव्या अर्ध्या भागावरून तळहात फिरवला. तिथे नाव नव्हतं, तारीख नव्हती. वरची जागा सोडून, अगदी खाली, शेजारच्या ओळीच्या रेषेत त्याने दोन शब्द लिहिले. मग मागे सरून, चष्मा कपाळावर सरकवून, गिऱ्हाइकाचं वाचावं तसं त्याने ते वाचलं.

उशीर झाला.

फडकं त्याने बादलीत टाकलं आणि हातोडी उचलली.