कैलास बाहेर काऊन झोपते?

कापसाचा दुसरा वेचा चालू होता. ऊन चटकत होतं, वाळलेल्या बोंडांनी बोटं सोलून निघत होती. कापसाच्या शेजारच्या ओळीतून, पुढच्या तासातून सुलोचनाबाईनं हळूच विचारलं, "काय वं मोहिनी, कैलास बाहेर काऊन झोपते?"

"घरात उकडते त्याइले."

"दिवाळीनंतर उकडते?"

बायका फिसकन हसल्या. मोहिनीनं ओटीतला कापूस गाठोड्यात दाबला, पण मन थाऱ्यावर नव्हतं. पोळ्याच्या हाणामारीत नवरा कैलास जेलात गेला, तो दीड वर्षानं सुटला. आल्यापासून बायकोला शिवत नव्हता. पाण्याचा गडू दिला तरी 'खाली ठेव' म्हणायचा, मुठी मिटून बसायचा. सासू देवकाबाई उघडच बोले, "माह्या पोरामागं तूच काई केलं असशीन. त्याच्या कानावर गेलं असन." मोहिनीलाही वाटे, कोणी याचे कान भरले, की याचीच कुठं दुसरी आहे?

बाजाराच्या दिवशी तो एकटाच देवळीला निघाला, तशी ती मागच्या गाडीनं गेली. तो बाजारात शिरलाच नाही. मेडिकलमधून मलमाची ट्यूब घेऊन तो खिशात कोंबत होता, तेवढ्यात तिनं त्याचा हात धरला. तळहातावर तांबडे चट्टे होते.

"हे काय हाय?"

बसस्टँडमागच्या लिंबाखाली तो कितीतरी वेळ चपलेनं माती उकरत होता. "पयले खालतं जखम झालती. ते बसली. आता हे उठून राह्यलं."

"कोनापासून?"

"बराकीत दोघंतिघं दांडगे होते. मी नाई म्हनलं, तं त्याइनं..." त्यानं ट्यूब मुठीत दाबली. "कोनाले सांगतो? तुले लागू नये म्हनून लांब राह्यलो."

 मोहिनीला राग गिळवेना. "तुमी गप बसले, अन् गावानं नाव माह्यं घेतलं! उठा."

सरकारी दवाखान्यात दोघांचं रक्त तपासलं. कैलासला गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली. एड्स नव्हता. मोहिनीला काही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनानं बरा होईल, फक्त पुन्हा तपासायला या.

घरी देवकाबाईनं तोंड उघडायच्या आत कैलास मोठ्यानं म्हणाला, "माय, रोग माह्या अंगात हाय. जेलातून आनला. मोहिनीले बोलू नको."

कुडापलीकडं शेजारची सुलोचनाबाई उभी होती. सकाळपर्यंत गावभर झालं. वावरात बायकांनी मोहिनीच्या दोन्ही बाजूंचे तास सोडून दिले. तिच्या कळशीचं पाणी कोणी घेतलं नाही. ती एकटीच वेचत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत सुलोचनाबाईच तिच्याजवळ आली. 

"मोहिनी, त्या रोगानं पोटातलं लेकरू पडते का वं?"

"पडते म्हने. काऊन?"

"आमचा पोरगा सचिनबी त्याच जेलात होता. तो सुटून आला, मंग सुनेचे, वर्षालीचे दोन पोटं पडले. मी तिचीच खोट काढली, आष्टीले माहेरी धाडलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सचिनले नेशीन का तुह्यासंगं दवाखान्यात?"

मोहिनीनं वर पाहिलं नाही. "नेईन. पन काकू, पयले वर्षालीले घेऊन या. सचिन तिच्यासमोर बोलला पायजे. तिचंबी रक्त तपासा लागन."

"वर्षाली मले काय काय म्हनन वं!"

"म्हनू द्या. आयकून घेजा."

 सुलोचनाबाईनं कमरेची ओटी सोडली, अर्धा वेचलेला तास तसाच टाकला आणि आष्टीची गाडी धरायला सडकेकडं निघाली.