किल्ली नाशकात, अभिप्राय माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. खालापूरच्या सरकारी कचेऱ्यांमागच्या गल्लीत एक लहानसे वाचनालय आहे. त्याच्या दाराशी, वर्तमानपत्रांच्या टेबलाला लागून, एका तिवईवर मी बसलेली असते. माझ्या पुढच्या फळीवर पांढऱ्या रंगात 'वाचकांचे अभिप्राय' असे लिहिले आहे. माझ्या पोटात काय काय साठत गेले, ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

पोशीरच्या चांगो सुताराने मला घडवले. एका शाळेने मोडीत काढलेल्या बाकांचे सागवान त्याने वापरले. झाकण त्याने मुद्दाम थोडे उतरते केले आणि वर एक फट ठेवली. "लिवनाऱ्याला टेकायला जागा नको व्हय?" असे तो म्हणाला होता. त्यामुळे वाचनालयात येणारी माणसे माझ्या पाठीवरच कागद ठेवून लिहू लागली. मला वाचता येत नव्हते, पण पेन कसे फिरते ते पाठीला कळायचे. वळणावळणाने अक्षरे कळू लागली. काही जण तर लिहिता लिहिता पुटपुटायचे. अशी मी शिकले.

वाचनालयाचे कार्यवाह मोकल सर होते. ते निवृत्त शिक्षक. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आपल्या जुडग्यातली बारीक पितळी किल्ली काढून माझे कुलूप उघडत आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवत. कुणी प्रश्न विचारला असेल, तर त्याचे उत्तर लिहून फलकावर टाचत. माणसे हसत, भांडत, चहा पीत. माझे सगळ्यांत सुखाचे दिवस ते. सर मला 'आमची बोलकी पेटी' म्हणत.

चार वर्षांपूर्वी सरांचे एक अंग लुळे पडले. त्यांची मुलगी आली आणि त्यांना नाशिकला घेऊन गेली. सामानाबरोबर किल्ल्यांचे जुडगेही गेले आणि ते मागवून घ्यायचे कुणाला सुचले नाही. मागे राहिले माझे कुलूप.

माणसे चिठ्ठ्या टाकतच राहिली. त्यांना कुणी काही सांगितलेच नाही. ग्रंथपाल जनाताई मनाने चांगल्या, पण नियमाला फार धरून चालणाऱ्या. कुणी पुस्तकाविषयी बोलायला लागले की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "मला सांगून काय उपेग? पेटीत टाका." कुलूप तोडायची गोष्ट निघाली की म्हणत, "संस्थेची वस्तू हाय. सभेत ठराव होऊ दे." सभेला कधी पुरेशी माणसे जमली नाहीत. पोटात शब्द साठत होते आणि मी गप्प होते.

अशात दोन वर्षांपूर्वी वनिता एक पिशवी घेऊन आली. ती कडावची. इथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची, स्कूटीवरून ये-जा करायची. पिशवीत एकाच कादंबरीच्या पाच प्रती होत्या. नाव 'बंद घाटाची राखणदार', लेखक सहदेव कडावकर.

"माझ्या एका ओळखीच्या माणसाचं पुस्तक आहे," ती जनाताईंना म्हणाली. "ठेवाल का वाचनालयात?"

जनाताई नोंद करत होत्या तोवर तिने माझ्या झाकणावर हात ठेवला. मग तिने माझ्यावरच टेकून नोंदीचा कागद भरला. दात्याचे नाव: वनिता सहदेव, आणि पुढे आडनाव. सहदेव हे तिच्या वडिलांचे नाव होते. कादंबरी कुणी लिहिली, ते मला त्या क्षणी कळले. जनाताईंनी कागद फायलीत लावला, तो वाचला नाही.

कादंबरी दोनशे वर्षांनंतरच्या काळातली होती. त्या काळात बाहेरची हवा विषारी झाली आहे आणि घाटाखालची सगळी वस्ती काचेच्या छताखाली राहते. घाटातल्या लोखंडी दरवाजाची राखण तारिणी नावाची बाई करते. एके दिवशी दरवाजा बनवणाऱ्या इंजिनिअरचा खून होतो आणि तारिणीचा प्रियकर दरवाजाबाहेर अडकतो. त्यानंतर रोज संध्याकाळी दरवाजावरच्या बोलायच्या यंत्रातून त्याचा आवाज येतो, "दार उघड." तो जिवंत आहे, की यंत्रच त्याच्या आवाजात बोलते आहे? खून कुणी केला? खुनी शेवटी सापडतो. तारिणी दार उघडते आणि तिथेच कादंबरी संपते. बाहेर कोण उभे होते, ते लेखिकेने सांगितलेलेच नाही.

मित्रांनो, या शेवटाने खालापुरात काय गंमत केली म्हणून सांगू!

पहिली चिठ्ठी सुर्वे काकांची. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, शाईच्या पेनाने लिहिणारे. 'पान ८८ वर चांदणे पडले आहे व पान ९१ वर त्याच रात्री अमावास्या आहे. प्रेमाची प्रकरणे निम्मी करावीत. खुनी मी चाळिसाव्या पानावरच ओळखला.' तेव्हा त्यांचे पुस्तक अर्धेच वाचून झाले होते. आठ दिवसांनी आले आणि दुसरी चिठ्ठी लिहिली, 'खुनी मी ओळखला तो नव्हता. मागील अभिप्राय रद्द समजावा. चांदण्याचा मुद्दा कायम.'

मग पोशा आला. डोंगराकडच्या ठाकरवाडीतला पन्नाशीचा माणूस, बंगल्यांच्या एका स्कीमच्या गेटवर वॉचमन. तो पेन्सिलीने, दाबून दाबून लिहायचा. 'मी गेटवर असतो. कोण हाय ते विचारल्याबिगर गेट खोलत नाय. तारिणीने विचारलं नाय. असं का केलं? बाहेर कोन होता? कळवावे.' त्यानंतर दर पंधरा दिवसांनी तो यायचा, फलकापुढे उभा राहून एकेक कागद बोट लावून बघायचा आणि जायचा. उत्तर येईल, असे त्याला वाटत होते. मोकल सरांच्या वेळी यायचे ना!

आणि रुचिता. पोशीरची मुलगी, मावशीकडे राहून नर्सिंग शिकत होती. तिने वहीची दोन पाने पाठपोट भरली. तिचे वडील जहाजावर. तिने लिहिले, 'बाबा फोनवर बरा आहे म्हणाले, तरी आई नंतर सांगते, आज त्यांना ताप आहे. आणि ते खरे निघते. खऱ्या माणसाचा आवाज घरच्यांना कळतो. तारिणीलाही कळलाच असणार. लेखकाने ते सांगितले नाही, पण मला दिसले. आणि हे पुस्तक बाईने लिहिले आहे असे मला वाटते. वाट बघण्याबद्दल इतके बारीक कोण लिहील? तारिणी वेडी नाही. म्हणून मी पण दार उघडलं असतं.'

तिने कागदाची चार वेळा घडी घातली आणि फटीतून आत ढकलली. ती जड घडी इतर चिठ्ठ्यांच्या कडेने सरकत तळाशी जाऊन पडली.

असे वर्षभर चालले. पाचही प्रती फिरत होत्या. दाखल्यासाठी कचेरीत रांग लावून बसलेली माणसेसुद्धा ती कादंबरी वाचत बसत. आणि वनिता दर शनिवारी ड्यूटी संपली की यायची. वर्तमानपत्र हातात धरायची, पण पान उलटायची नाही. शेवटी काहीच घडले नाही अशा आवाजात विचारायची, "जनाताई, त्या कादंबरीबद्दल कुणी काही बोललं का हो?"

"पुस्तक जातं गं. पन कोन काय बोलत नाय."

"बरं."

मला तेव्हा काय वाटत असेल! तिच्या हातापासून वीतभर अंतरावर सुर्वे काका होते, पोशा होता, रुचिता होती, आणखी पंचवीस-तीस माणसे होती. एका बाईने लिहिले होते की खुनाचे प्रकरण वाचताना तिची भाजी करपली. एकाने लिहिले होते की असले पुस्तक मुलींच्या हाती देऊ नये, आणि त्याखालीच विचारले होते की दुसरा भाग कधी येणार? सगळे माझ्या पोटात कोंडलेले. मला तोंड होते, पण ते फक्त घेण्यासाठी. लाकडाला हाक मारता येत नाही. पावसाळ्यात मी फुगायचे तेव्हा वाटायचे, आता तरी फुटावे. पण चांगोचे काम पक्के होते. त्याचा मला पहिल्यांदाच राग आला.

गेल्या दिवाळीनंतर वनिता आली ती रिकामी पिशवी घेऊन.

"त्या पाच प्रती परत न्यायच्या आहेत," ती म्हणाली. "घरी गठ्ठे पडलेत, ते पण काढून टाकायचेत. त्या माणसाने दुसरी कादंबरी लिहायला घेतली होती. साठ पानं झाली होती. आता सोडली."

"का गं?"

"वाचून कुणाला काही वाटतच नसेल तर लिहायचं कुणासाठी?"

कपाटात तेव्हा दोनच प्रती होत्या, बाकीच्या वाचकांकडे होत्या. दोन का होईना, त्या तिने नेल्या. जाताना माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. कधीच न उघडणाऱ्या पेटीत कुणी काही टाकत असेल, हे तिला कसे ठाऊक असणार?

आठवड्याभराने पोशा आला. त्याला ती कादंबरी तिसऱ्यांदा वाचायची होती.

"ते परत नेलं रं," जनाताई म्हणाल्या. "कोन काय बोलत नाय म्हनून."

"कोन बोलत नाय?" पोशाचा आवाज चढला. "मी दोनदा वाचलं. चिठ्ठी टाकली. वरीस झालं, उत्तर नाय आलं."

"उत्तर कुठनं येनार? किल्ली नाशकाला हाय."

पोशाने माझे कुलूप ओढून पाहिले. मग हळूच म्हणाला, "म्हंजे ताई, आमी वरीसभर कुलपात लिवतोय, आन तुमाला म्हाईत होतं?"

जनाताई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि मला दोन्ही हातांनी उचलून हलवले. आत कागदांचा आवाज झाला. किल्ली गेल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदाच हात लावला होता. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ठराव लागतो," पोशा म्हणाला. तो टोमणा नव्हता, त्याला खरेच तसे वाटत होते.

"मांडला मी ठराव," जनाताई म्हणाल्या. "मंजूर पन केला. खोल."

माझ्या मागच्या बिजागऱ्या बाहेरून होत्या. पोशाने कमरेच्या कोयत्याचे टोक लावून एकेक स्क्रू पिळून काढला. दुखले, पण तसे दुखणे मला रोज चालले असते. झाकण कुलपासकट पुढे कलले आणि उजेड आत आला.

पण मित्रांनो, उशीर झाला होता. भिंतीच्या ओलीने माझ्या तळाच्या फळीला वाळवी लागली होती. वरच्या चिठ्ठ्या धड होत्या. खालच्यांची माती झाली होती. जनाताईंनी मूठभर भुसा तळहातावर घेतला आणि त्यातून बोटाएवढा एक तुकडा वेचला.

शनिवारी त्यांनी वनिताला फोन करून बोलावले. पोशाही सुट्टी टाकून आला होता. जनाताईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "हे तुज्या त्या ओळखीच्या मान्साला दे. चूक माजी हाय, तेपन सांग."

वनिता उभ्यानेच वाचू लागली. चांदण्याच्या चुकीपाशी तिने कपाळावर हात मारला. करपलेल्या भाजीपाशी ती हसली. मग तो तुकडा हातात आला. त्यावर एवढेच उरले होते, 'म्हणून मी पण दार उघडलं असतं.'

"हे कुणाचं?" तिने विचारले.

जनाताईंना माहीत नव्हते. पोशाला माहीत नव्हते. रुचिता कोर्स संपवून केव्हाच दुसऱ्या गावी गेली होती. ती दोन पाने मला तोंडपाठ आहेत, अगदी स्वल्पविरामासकट. वनिता तो तुकडा उलटसुलट करून बघत राहिली आणि मी तिच्यासमोर मुकी बसले.

पोशाला मात्र आता राहवत नव्हते. "म्याडम, त्यांना येवडं विचारा. दाराभायेर कोन होता?"

"मला अजून ठरवताच आलेलं नाही," वनिता म्हणाली आणि तिथेच थांबली.

जनाताईंनी चष्मा काढला. पोशाने आधी तिच्याकडे पाहिले, मग टेबलावर, वाचकाकडून परत आलेल्या प्रतीवरच्या नावाकडे.

"तुमी?" तो म्हणाला. "मंग ठरवा की, म्याडम! मी वाट बगतोय."

आता वनिता पुन्हा लिहिते आहे. माझा तळ बदलला आहे. बिजागऱ्या परत बसवल्या, कुलूप लावलेले नाही. जनाताई दर पहिल्या रविवारी अडखळत चिठ्ठ्या वाचतात. तरी माझी सुटका झाली, असे मला म्हणवत नाही. जे मातीत गेले ते माझ्या आतच राहिले आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एक विनंती करते. पुस्तक आवडले तर सांगा, नाही आवडले तरी सांगा, चांदणे चुकले असेल तर तेही सांगा. आणि तुमच्या शाळेत माझ्यासारखी एखादी पेटी असेल, तर उद्या जाऊन विचारा, ती शेवटची कधी उघडली होती? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.