सिंकखालचा ओलावा

बायको गेल्यावर काळुराम स्वयंपाक शिकले. आयुष्यभर बाळकुमच्या खाडीत जाळं टाकलेला माणूस. कालथा हातात धरायची वेळ साठी उलटल्यावर आली. पण हाताला चव होती. गावातल्या घराच्या जागी मोठं कॉम्प्लेक्स झालं, त्यात अकराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. मुलगा दिपेश आणि सून कल्पिता घोडबंदर रोडच्या ऑफिसांत जायचे, म्हणून दुपारचा ओटा आपसूक काळुरामांकडे आला. त्यांच्या हातचं निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण खायला शेजारचेही यायचे.

मे महिन्यात सिंकखालच्या कपाटातून कुबट वास यायला लागला. प्लायचा तळ फुगला, मागच्या भिंतीवर काळी बुरशी धरली. प्लंबरने दोनदा येऊन वायसर बदलले, तरी तळ ओलाच. एकदा वैतागून दिपेश बोलून गेला की बाबा मासे धुताना इतकं पाणी सांडतात, तेच झिरपत असणार. दुसऱ्या दिवसापासून काळुराम स्वयंपाकघरात शिरेनासे झाले. दुपारी बाहेरून डबा यायला लागला आणि अर्धा तसाच परत जायला लागला. ते गॅलरीत खाडीकडे तोंड करून बसून राहायचे.

कल्पिताला ते बघवत नव्हतं. शिवाय एक गोष्ट तिच्या लक्षात आली. इतके दिवस घरात मासा धुतला गेला नव्हता, तरी कपाट काही सुकलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिने कपाट रिकामं केलं, आतून कोरडं पुसलं आणि प्रत्येक जोडाला, प्रत्येक पाइपाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून दार लावून टाकलं. दुपारी तिने काळुरामांना बॅटरी धरायला बोलावलं. ते आले, पण उंबऱ्याशीच थबकले. तिने पुन्हा हाक मारली तेव्हा आत येऊन तिच्या शेजारी फरशीवर बसले.

जोडांवरचे कागद कोरडे होते. भिजला होता तो एकाच पाइपावरचा कागद, तोही मधोमध, जिथे जोड नव्हताच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिपेशने सिंकखाली पाणी गार करायचं मशीन बसवलं होतं. त्यातून नळाकडे जाणारा हा पाइप. काळुरामांनी त्यावर हात ठेवला.

"आगो, ह्यो गळत नाय," ते म्हणाले. "ह्याला घाम येतंय. गार पान्याच्या पेल्याला बाहेरून येतंय ना, तसा."

खाडीवरची दमट हवा, दिवसभर बंद असलेलं दार आणि आत तो गारेगार पाइप. कल्पिताने दिपेशला बोलावून ओला कागद त्याच्या हातात दिला. त्याने वाकून पाइपाला हात लावून बघितला.

"बाबा, मी उगाच तुम्हाला बोललो."

"बोललास त बोललास," काळुराम म्हणाले. "आता ह्याला सदरा घाल."

एसीच्या पाइपांना असतं तसं काळं फोमचं आवरण दिपेश संध्याकाळी घेऊन आला. पाइप फडक्याने कोरडा करून त्याने ते चढवलं. कडा चिकटपट्टीने बंद करायचं काम मात्र काळुरामांनी स्वतःकडे घेतलं. फट राहिली तर तिथून हवा आत जाऊन पुन्हा पाणी धरणार, म्हणून फाटलं जाळं विणावं तशा सावकाशीने त्यांनी पट्टी गुंडाळली. पुढच्या आठवड्यात सुताराने फुगलेला तळ बदलला आणि हवा खेळावी म्हणून दाराला जाळी बसवली. भिंत घासून, सुकवून रंगवून घेतली.

जुलैत घरातले कपडेसुद्धा वाळत नव्हते, तरी कल्पिता रोज कपाटात हात फिरवायची तेव्हा तळ कोरडाच लागायचा. एका शनिवारी तिने काळुरामांना सांगितलं की तिला कालवण शिकायचंय, नुसतं खायचं नाही.

"मंग आधी बाजार शिक," ते म्हणाले. "मासा वलखता आला पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं छत्री घेऊन निघाले. दिपेशही चपला घालायला लागला, तर काळुरामांनी त्याला थांबवलं आणि घरी बसून कांदे चिरायला सांगितलं.