शून्य बिघाडांचा पंप

“बिघाड झालाच नाही, तर बिघाडाचा फॉर्म कसा भरू, पंडित?” थर्लो बीमन म्हणाला.

अमेरिकेत नॉरफॉकच्या गोदीत तो तीस वर्षं नौदलाचे पंप दुरुस्त करतोय. मी तेवढीच वर्षं ते कधी बिघडतील याचं गणित मांडतोय. पंपाला हात लावायची वेळ दोघांपैकी एकावरच आली.

एका विनाशिका युद्धनौकेवरचा आग विझवायचा चार नंबरचा पंप अकरा वर्षांत एकदाही बंद पडला नव्हता. नोंदीत बिघाड शून्य. शून्य दिसलं की आमचं खातं भारावून जातं. तपासणी दरमहा नको, पाच वर्षांनी पुरे, अशी शिफारस मी तयार ठेवली होती. थर्लो शुक्रवारी निवृत्त होणार, म्हणून रीतसर विचारायला जहाजाच्या पोटात उतरलो, तर तो पंप उघडून बसलेला. आतलं एकही बेअरिंग मूळचं नव्हतं.

बिनसतंय असं वाटलं की थर्लो तो भाग बदलून टाकायचा. ते कसं कळतं, विचारलं. म्हणाला, जेवायच्या सुट्टीत पंपावर उलटा हात ठेवतो.

मग सँडविच खाता खाता त्याने एक्केचाळीस दुरुस्त्या तोंडपाठ सांगितल्या. वादळाच्या आदल्या मंगळवारी मागचं बेअरिंग, लेकीच्या लग्नाच्या आठवड्यात सील. मी यादी करून सुट्या भागांच्या कोठाराच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिली. एक जुळेना. चूक कोठाराची निघाली. माझ्या उभ्या हयातीतलं एकही गणित इतकं बरोबर आलं नव्हतं.

आता अडचण अशी, की नियमाप्रमाणे झिजला म्हणून बदललेला भागही बिघाडच. यादी नोंदवली की हा ताफ्यातला सगळ्यात वाईट पंप ठरणार.

“तो एकदाही थांबलेला नाही,” थर्लो म्हणाला.

“माहीत आहे. पण नोंद नसेल, तर तुमच्यामागे पाच वर्षं त्याचं झाकण कोणी उघडणार नाही. वर तीनशे माणसं आहेत.”

त्याने पंपावर उलटा हात ठेवला.

“प्रत्येक बिघाडाखाली नाव माझंच लागेल?”

“तुमचंच.”

“आण इकडे.”

एक्केचाळीस फॉर्म होते. प्रत्येक सहीआधी तो चिंधीने हात पुसत होता. हात तर पहिल्या सहीआधीच स्वच्छ झाले होते.