खाट कोणाची

आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती धाकट्या मुलीकडे राहायला आली. म्हणजे आणून ठेवली गेली. दोन्ही मुलांची घरं त्याच आठवड्यात अचानक लहान झाली होती.

सामान मात्र तिघांनी मिळून घ्यायचं ठरलं. धाकटीने अठरा हजारांची खाट घेतली, मधल्याने नऊ हजारांची व्हीलचेअर. दादाने सहाशेचं बेडपॅन आणलं आणि झाडून साऱ्या नातेवाइकांना फोन करून ते कळवलं.

महिनाअखेरीस तिघं हिशेबाला बसली. दादाबरोबर वहिनीही आली होती. दादा क्लासमध्ये गणित शिकवायचा. शाब्दिक उदाहरणं पोरांच्या अंगावर सोडणं हा त्याचा धंदा. एकूण सत्तावीस हजार सहाशे, प्रत्येकी नऊ हजार दोनशे. म्हणजे दादाने आठ हजार सहाशे द्यायचे आणि मधल्याने दोनशे, एवढं धाकटीने तोंडीच केलं. दादा हसला. उदाहरण नीट वाचावं लागतं, म्हणाला. वस्तू कोणाच्या घरात आहेत? वापर कुठे होतो? आणि पुढेमागे खाट कोणाकडे राहणार?

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. ‘पुढेमागे’ म्हणजे काय, ते आईलाही कळलं.

घसारा धरून, वापर वजा करून दादाने उत्तर काढलं: उलट धाकटीनेच त्याला दीडशे द्यायचे. पण राहू दे, असंही तो मोठ्या मनाने म्हणाला.

धाकटीने वाद घातला नाही. "बरोबर आहे तुझं. ज्याच्या घरी खाट, त्याचा खर्च. उद्या टेम्पो बोलावते. खाट तुझ्याकडे, आणि खाटेवर जी आहे तीही."

आमचं दार अरुंद आहे, वहिनी लगेच म्हणाली. खाट सुटी होते, चारच बोल्ट आहेत, असं मधल्याने सांगितलं आणि आपले दोनशे मुकाट्याने टेबलावर ठेवले.

दादाने चष्मा पुसला, कागद उलटा केला, तीनने भागलं आणि आपले सहाशे वजा केले. आठ हजार सहाशेच आले. त्याने पाठवले आठ हजार पाचशे. राउंड फिगर बरी असते, म्हणाला.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "आणखी एक मूल होऊ दिलं असतं, तर मी तुम्हाला जरा स्वस्तात पडले असते."

दादा जाता जाता आत डोकावला, काळजी घे म्हणाला. आईने मान भिंतीकडे वळवली.